विद्यापीठांची पैसेवारी

वाचकहो, बारावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यात घरोघरी एकच विचार सुरू होतो. पोराला पुढे कुठे घालायचे? नगरला, संगमनेरला, की थेट पुण्याला? पूर्वी हा प्रश्न घेऊन लोक गावातल्या गुरुजींकडे जात. आजही जातात, नाही असे नाही. पण आता त्याआधी मोबाइलवर एक यादी येऊन पडलेली असते. अमुक विद्यापीठ देशात दहावे, तमुक जगात पाचशेवे. आकडा समोर आला की माणूस पुढे विचारायचे थांबतो. आकड्याशी कोण भांडणार? म्हणून हा आकडा येतो कुठून, तो कोणी काढला, कशासाठी काढला आणि त्यात आपल्या मुलामुलींचे किती, याचा थोडा इतिहास आज पाहू.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. जून २०२५ मध्ये लंडनच्या क्यूएस या संस्थेने जगातल्या १,५०१ विद्यापीठांची यादी प्रसिद्ध केली. तीत आपले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ५६६ व्या जागी होते. आदल्या वर्षी ते ६३१ ते ६४० या गटात होते. म्हणजे निदान ६५ पायऱ्या वर चढले. पुण्यात आनंद झाला, आणि तो व्हावा हे बरोबरच आहे. पुढे तीन महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, भारत सरकारची यादी आली. तिला एनआयआरएफ म्हणतात. तीत विद्यापीठांच्या गटात हेच पुणे विद्यापीठ २३ व्या जागेवरून एकदम ५६ व्या जागेवर घसरले. विद्यापीठ तेच, वर्ष तेच, इमारती त्याच. मग एक यादी म्हणते चढले आणि दुसरी म्हणते पडले, हे कसे?

याचे उत्तर शेतकऱ्याला समजावून सांगायला फार कष्ट नकोत. तुम्ही आम्ही आणेवारी पाहिलेली आहे. रुपयाचे सोळा आणे गेले, तेव्हापासून तिला पैसेवारी म्हणतात. गावाचे पीक रुपयाला किती पैसे आले ते ठरते, आणि ते ५० पैशांच्या आत आले तर गावाला टंचाईच्या सवलती मिळतात. पहिली येते ती नजर पैसेवारी, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी केलेला अंदाज. मग सुधारित पैसेवारी, आणि शेवटी अंतिम. अंतिम पैसेवारीसाठी निवडक शेतांतले पीक कापून, मळून, तोलून पाहतात. आता जाणत्या माणसाला हेही माहीत असते की कापणीसाठी कोणाचे शेत धरले यावर बरेच अवलंबून असते. पाटाखालचे धरले तर आकडा एक, आणि कोरडवाहू माळाचे धरले तर आकडा दुसरा. दोन्ही आकडे खरे असतात, पण ते साऱ्या गावाचे नसतात.

विद्यापीठांच्या याद्यांचे असेच आहे. क्यूएसच्या शंभर गुणांपैकी ४५ गुण लोकांच्या मतांवर जातात. जगभरच्या प्राध्यापकांना विचारतात, तुमच्या विषयात कोणती विद्यापीठे चांगली? त्याला ३० गुण. नोकऱ्या देणाऱ्यांना विचारतात, कुठली मुले चांगली? त्याला १५. ही झाली नजर पैसेवारी. उरलेल्यांपैकी २० गुण संशोधनाचा इतरांनी किती उल्लेख केला याला, १० गुण शिक्षकामागे विद्यार्थी किती याला, आणि पाच-पाच गुण परदेशी प्राध्यापक, परदेशी विद्यार्थी अशा पाच गोष्टींना. आपल्या सरकारची यादी निराळी. तीत अध्यापन आणि साधनसामग्री याला ३० गुण, संशोधनाला ३०, विद्यार्थी पास होऊन पुढे काय करतात याला २०, सर्व थरांतल्या मुलामुलींना जागा मिळते की नाही याला १०, आणि लोकमताला फक्त १०. म्हणजे एकाने पाटाखालचे शेत धरले, दुसऱ्याने माळाचे. २०२५ साली पुणे विद्यापीठ एकाच वेळी चढले आणि पडले, त्यात म्हणूनच जादू काही नाही.

आता या मोजपट्ट्या निघाल्या कशा तेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत १९८३ साली एका साप्ताहिकाने कॉलेजांची क्रमवारी छापायला सुरुवात केली. मुलगा कुठे घालावा हे पालकांना कळावे, आणि अंकही खपावा, असा तो दुहेरी हेतू. पण साऱ्या जगाची एकच यादी करायची कल्पना निघाली ती चीनमध्ये. १९९८ साली चीन सरकारने ठरवले की आपली काही विद्यापीठे जगातल्या उत्तम विद्यापीठांच्या बरोबरीला आणायची. बरोबरीला आणायची, तर आधी आपण किती मागे आहोत ते कळले पाहिजे. या गरजेतून शांघायच्या जिआओ तोंग विद्यापीठाने २००३ साली पहिली जागतिक यादी तयार केली. तिच्यात नोबेल पारितोषिकांना बरेच गुण होते, तर २० गुण 'नेचर' आणि 'सायन्स' या दोनच नियतकालिकांत आलेल्या निबंधांना. चीनला विज्ञानात पुढे जायचे होते, म्हणून त्याने विज्ञानाची पट्टी घेतली. त्याच्या कामाला ती ठीक होती. पुढच्याच वर्षी, २००४ साली, इंग्लंडमधून दुसरी यादी निघाली, आणि मग याद्यांचे पीकच आले. भारत सरकारने आपली यादी २०१५ साली जाहीर केली आणि पहिले निकाल २०१६ साली लावले. बाहेरच्या पट्ट्यांत आपल्याकडच्या गोष्टी नीट बसत नाहीत, ही तक्रार त्यामागे होतीच.

या तक्रारीत तथ्य किती? त्यासाठी आपल्या विद्यापीठांचा जन्म कसा झाला तिकडे वळले पाहिजे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्या काळी लंडन विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे, परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवायचे ते कॉलेजांनी. आपल्याकडे तोच साचा आला. म्हणजे सुरुवातीला विद्यापीठ हे परीक्षा घेणारे कार्यालय होते, विद्या निर्माण करणारे घर नव्हते. पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झाले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू, आणि गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला हे विद्यापीठाचे घर. जयकरांच्या वेळेपासून तिथे संशोधनाचे आणि पदव्युत्तर शिक्षणाचे विभाग उभे राहू लागले. पण परीक्षेचा जुना साचा सुटला नाही. सुरुवातीला बारा जिल्हे या विद्यापीठाखाली होते. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, १९९० साली जळगावला आणखी एक झाले, आणि शेवटी पुणे, नगर, नाशिक हे तीन जिल्हे उरले. तरीसुद्धा या तीन जिल्ह्यांतली संलग्न महाविद्यालये शेकड्यांनी मोजावी लागतात.

आणि इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सरकारी यादीत विद्यापीठाचा क्रमांक लागतो तो विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांवरून. संलग्न महाविद्यालये त्यात धरत नाहीत. त्यांना हवे तर महाविद्यालयांच्या वेगळ्या यादीत नाव घालावे लागते. तेव्हा पुणे विद्यापीठ २३ वे असले काय किंवा ५६ वे असले काय, पाथर्डीच्या, जामखेडच्या, अकोल्याच्या कॉलेजात बसलेल्या मुलाच्या शिक्षणाविषयी तो आकडा काही सांगत नाही. त्या मुलाच्या पदवीवर विद्यापीठाचे नाव असते, पण त्या नावाचा क्रमांक काढताना तो मुलगा मोजलेला नसतो.

दुसरी गोष्ट. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशाने मोठे संशोधन विद्यापीठांच्या बाहेर, स्वतंत्र प्रयोगशाळांत नेले. पुण्यालाच पाहा. विद्यापीठ १९४९ चे, आणि राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेचे उद्घाटन १९५० च्या जानेवारीत झाले. अंतर थोडे, पण दावण वेगळी. तिथल्या शास्त्रज्ञांचे संशोधन त्या प्रयोगशाळेच्या नावावर जमा होते, विद्यापीठाच्या नव्हे. जर्मनीत १८१० साली बर्लिन विद्यापीठ निघाले तेव्हापासून शिकवणे आणि शोध घेणे हे एकाच छपराखाली असावे असा विचार रुजला, आणि तो अमेरिकेने उचलला. आपण दोन्हींची चूल वेगळी मांडली. मग एका चुलीवरचे मोजून दुसऱ्या घराची भूक ठरवली, तर हिशेब चुकणारच.

तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या अनुभवातली आहे. विद्येचे काही मोठे काम असे असते की ते कुठल्याच यादीत बसत नाही.

धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. पुस्तकी अर्थशास्त्रात त्यांचे नाव होतेच. पण लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना काढायचे मनावर घेतले, तेव्हा गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि प्रवरा कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ साली पहिला गळीत हंगाम झाला. पुढे हेच गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विद्वान आणि शेतकरी एका बैठकीत बसले, आणि त्यातून साऱ्या महाराष्ट्राच्या सहकारी कारखानदारीला वळण लागले. याला कोणत्या रकान्यात किती गुण द्याल?

नेवाशाचे उदाहरण घ्या. ज्या गावी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच गावी १९५४ ते ५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया यांनी उत्खनन केले. प्रवरेच्या काठावर दगडी हत्यारांपासून पुढच्या वस्तीपर्यंतचा माणसाचा माग त्यांनी लावला. त्याचा ग्रंथ १९६० साली निघाला. मध्य पुराश्मयुगातल्या हत्यारांना अभ्यासक काही काळ नेवाशाच्याच नावाने ओळखीत. असे काम वर्षानुवर्षे चालते आणि ग्रंथरूपाने बाहेर येते. आजच्या मोजणीत भर असतो तो नियतकालिकांतल्या निबंधांवर आणि त्यांच्या उल्लेखांवर, तेही बहुतेक इंग्रजीतल्या. मराठीत लिहिलेला उत्तम ग्रंथ तर तिथे जवळपास अदृश्यच.

आणि राहुरी? तिथे १९६८ साली कृषी विद्यापीठ निघाले. आज ते महात्मा फुल्यांच्या नावाने आहे. भगवा डाळिंब, फुले २६५ ऊस, फुले त्रिवेणी गाय ही नावे तुम्हाला मी सांगायला नकोत, ती तुमच्या शेतात आणि गोठ्यात आहेत. एखाद्या वाणाने किती घरांची छपरे पत्र्याची पक्की झाली, किती मुली त्या डाळिंबाच्या पैशावर शिकल्या, हे जागतिक यादीवाला विचारत नाही. त्याला त्या वाणावरचा निबंध हवा असतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग या याद्या फेकून द्याव्यात. तसे नाही बरे का. पैसेवारी सदोष असते म्हणून पीक न पाहताच 'आमच्या गावात सोने पिकते' असे म्हणून चालत नाही. २०२५ ची घसरण घ्या. तिच्या मागे एक कारण त्या वेळी ठळकपणे पुढे आले, ते म्हणजे प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा. सरकारी यादी शिक्षकामागे विद्यार्थी किती हे मोजते. माणूस निवृत्त झाला, जागा भरली नाही, मुले मात्र तेवढीच राहिली, की आकडा खाली येतो. आता हे काही परक्या पट्टीचे कारस्थान नव्हे. ही आपल्या घरातली गळती आहे, आणि ती यादीने दाखवली. ग्रामीण महाविद्यालयांत तर हा प्रश्न आणखी टोचतो. कायम जागा रिकामी राहते आणि तासिका तत्त्वावर माणूस नेमतात. जितके तास शिकवील तितका पैसा, आणि सुटीत काही नाही. तो शिक्षक एका गावाहून दुसऱ्या गावी तास घेत फिरतो. त्याने मुलांच्या शंका केव्हा ऐकाव्यात, आणि संशोधन केव्हा करावे? यादी ज्याला 'शिक्षक-विद्यार्थी प्रमाण' म्हणते, त्याचा खेड्यातला अर्थ हा असा आहे.

म्हणून क्रमांक चढला की फटाके, आणि उतरला की यादीला दोष, हे दोन्ही सोडून आपण आकड्याच्या आत डोकावायला शिकले पाहिजे. कोणत्या रकान्यात गुण गेले? नोबेल नाही म्हणून गेले असतील तर ते एका पिढीत भरून येणार नाही, आणि त्याने संगमनेरच्या मुलीचे आज काही अडत नाही. पण शिक्षक नाहीत म्हणून गेले असतील, तर तिचे आजच अडते आहे.

आपल्या जिल्ह्याला या गोष्टीचा जुना धडा आहे. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन मिशनच्या बाई १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ साली वारल्या तोवर इथे मुलींना शिकवीत राहिल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले त्यात नगरच्या या बाईंचा वाटा होता. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव २०१४ साली लागले. म्हणजे जगाच्या यादीत जे नाव आज छापले जाते, त्या नावाची शिक्षिका घडण्यात नगरचा हात आहे. त्या काळी कोणी यादी केली असती तर नगरच्या त्या लहानशा शाळेला काय क्रमांक मिळाला असता? ना मोठी इमारत, ना पदवी. होती ती एक शिकवणारी बाई आणि शिकायला आलेल्या मुली.

पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सरकारला स्पष्ट सुनावले की शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो आणि रयतेच्या प्राथमिक शिक्षणाची आबाळ होते. त्यांचा प्रश्न होता, ही विद्या कोणासाठी? विद्यापीठ जगात कितवे, यापेक्षा हा प्रश्न अवघड आहे. आपल्या सरकारी यादीत त्याला दहा गुण आहेत, पण जागतिक याद्यांत त्याला मानाची जागा नाही.

आणि या प्रश्नावर नगर जिल्ह्याने मिळवलेले थोडे नाही. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले, तेव्हा पुणे विद्यापीठाचा जन्मही व्हायचा होता. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, पाटाचे पाणी आले, ऊस आला, कारखाने आले, आणि १९६० च्या सुमारास श्रीरामपूर, संगमनेर अशा ठिकाणी कॉलेजे निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' हा मंत्र इथल्या पोरांनाही दिला. ज्या घरात आजोबाने अंगठा उठवला, बापाने सातवीत शाळा सोडली, त्या घरची मुलगी पदवीधर झाली. तिने किती मजल मारली ते मोजायचे तर ती कुठे पोचली एवढे पाहून भागत नाही, ती निघाली कुठून तेही पाहावे लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मागे वसतिगृहात राहून शिकणारी पाथर्डीकडची मुलगी आणि लंडनच्या शाळेतून थेट केंब्रिजला गेलेली मुलगी यांना एकाच फुटपट्टीने मोजले, तर पट्टी खोटी नसली तरी हिशेब अपुरा राहतो.

तेव्हा पालकांनो, आणि विशेषतः गुरुजनहो, यंदा यादी हातात आली की तिच्यापाशी थांबू नका. ज्या महाविद्यालयात मूल घालायचे तिथे जाऊन चार गोष्टी विचारा. या विषयाला कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती? प्रयोगशाळा आणि ग्रंथालय मुलांसाठी उघडे असते की कुलपात? पहिल्या वर्षाला बसलेल्यांपैकी किती मुले पदवीपर्यंत टिकतात, आणि मुली किती? गेल्या तीन वर्षांत इथून बाहेर पडलेली मुले काय करीत आहेत? ही उत्तरे कोणत्याही जागतिक यादीत नाहीत, पण एस. टी.च्या एका तिकिटात मिळण्यासारखी आहेत.

आणि उत्तर आले की जागा रिकाम्या आहेत, तर तिथेच सोडू नका. शाळेची गळकी कौले पाहून ग्रामसभेत आपण बोलतो ना, तसेच कॉलेजातल्या रिकाम्या खुर्चीविषयी आपल्या आमदाराला आणि संस्थेच्या चालकांना विचारले पाहिजे. पैसेवारी कमी लागली तर गावकरी तहसीलदाराकडे जातात, आमची शेते नीट पाहा म्हणतात. विद्येच्या शेताविषयी तेवढी जागरूकता आपण दाखवली, तर पुढच्या यादीत क्रमांक काय येतो याची काळजी यादीवाल्यांनी करावी. आपल्या मुलांपुढे मात्र शिक्षक उभा असेल.